काजूची छाटणी : कात्री कोठें व केव्हां चालवावी

झाडास कात्री लावली म्हणजे झाड जोम धरतें व फळ वाढतें, असा समज आपल्या बागाईतदारांत सर्वत्र रूढ आहे. हा समज खोटा नाहीं, पण तो अर्धाच खरा आहे. कात्रीनें झाडाचें अन्न वाढत नाहीं. असलेलें अन्न व असलेला सूर्यप्रकाश कोणत्या फांदीस मिळावा, एवढेंच ती ठरविते. म्हणून छाटणीचा गुण कात्रीच्या धारेंत नसून, झाड फळ कोठें व केव्हां धरतें हें जाणणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. ज्यास हें ठाऊक नाहीं त्याच्या हातून एका दिवसांत वर्षाचें पीक जमिनीवर पडतें. आणि पडलेल्या त्या काटक्यांत आपलें पीक होतें, हें त्यास पुढें मोहोराच्या दिवसांत कळतें.

कळंबच्या वाचकांपुढें आम्ही काजूचा विषय कां मांडतों, असा प्रश्न कोणी विचारील. काजू हें कोंकणाचें झाड. आमच्या घोड नदीच्या खोऱ्यांत त्याच्या बागा नाहींत. परंतु आंबा, बिब्बा, चारोळी व काजू हीं सर्व एकाच कुळांतील झाडें होत, आणि आंबा व काजू यांची फळ धरण्याची तऱ्हा तर बहुतांशीं सारखी आहे. जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत आंब्याचीं झाडें बांधाबांधावर आहेत. शिवाय १९९०-९१ सालीं महाराष्ट्र शासनानें रोजगार हमी योजनेशीं निगडित अशी फळबाग लागवडीची योजना सुरू केली, तिच्यामुळें कोंकणांत काजूच्या व सर्व राज्यभर आंब्याच्या पुष्कळ नव्या बागा उठल्या. त्या पहिल्या वर्षांतील झाडें आज तीस वर्षांच्या वर गेलीं. ज्यांनीं ठरल्या अंतरावर लावलीं व पुढें घेराकडे पाहिलें नाहीं, त्यांच्या बागांत आज झाडांस झाडें भिडलीं आहेत. अशी बाग तोडून टाकावी, तशीच ठेवावी, कीं छाटून सुधारावी, हा प्रश्न कोंकणांतील काजूवाल्यापुढें आहे तसाच आमच्या आंबेवाल्यापुढेंहि आहे. त्यांत चूक झाली तर एका हंगामाची नव्हे, अनेक वर्षांची हानि होते.

फळ कोठें धरतें ?

प्रथम आमच्या वाचकांस परिचित असलेली द्राक्षवेल घेऊं. नारायणगांवच्या बाजूस द्राक्षाचे मळे करणाऱ्यांस दोन छाटण्या ठाऊकच आहेत. एप्रिलमधील खरड छाटणीनें वेलीवर नव्या काड्या येतात. त्या काड्या वाढत असतांनाच त्यांच्या डोळ्यांत पुढील घडाचें बीज तयार होतें. ऑक्टोबरच्या सुमारास काडी पक्व झाली कीं फळछाटणी करितात व राखलेल्या डोळ्यांतून घडासह नवी फूट बाहेर येते. येथें काडीचा शेंडा छाटला तरी नुकसान नाहीं, कारण घड खालच्या डोळ्यांत आहे. ऑक्टोबरची कात्री द्राक्षाचें पीक उघडते.

बोर व अंजीर यांची गोष्ट याहून सोपी आहे. त्यांस फळ त्याच वर्षीं फुटलेल्या नव्या वाढीवर येतें. म्हणून बोर उन्हाळ्यांत चांगलें खोल छाटलें तरी तें पुन्हां फुटून फळतें, आणि पुरंदरचे अंजीरवालेहि आपल्या झाडांस नियमानें कात्री लावितात. बदामाचा प्रकार अगदीं निराळा. त्याचें फळ आंखूड, जून, कांहीं वर्षें टिकणाऱ्या फळकाड्यांवर धरतें. कॅलिफोर्नियामध्यें बदामाच्या वाढलेल्या बागांत दरवर्षीं छाटलेलीं व न छाटलेलीं झाडें अनेक वर्षें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तेव्हां वार्षिक छाटणीनें उत्पन्न वाढत नाहीं असें दिसून आलें. कवचाच्या सर्व फळझाडांस एकच नियम लावणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां काजू. काजूचा मोहोर फांदीच्या टोंकावर येतो, आणि तोहि उन्हांत असलेल्या बाहेरच्या घेरावर. कोंकणांत पावसाळा सरत आला म्हणजे फांद्यांच्या शेंड्यांस नवी पालवी फुटते. ती पक्व होतांच तिच्याच टोंकांतून नोव्हेंबरपासून पुढें मोहोर निघतो, व फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोंडासह बी खालीं पडते. यावरून उघड होईल कीं, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीस सरावलेला हात काजूवर त्याच महिन्यांत चालला, तर तो मोहोराचे शेंडेच उतरवील. जी कात्री द्राक्षाचें पीक उघडते, तीच त्याच महिन्यांत काजूचें पीक संपविते. या लेखांतील एवढी एकच गोष्ट वाचकांच्या स्मरणांत राहिली तरी आमचें काम झालें.

गर्दीचें गणित

काजूची लागवड सामान्यतः सात मीटर अंतरानें चौरस करितात. त्या हिशेबानें हेक्टरीं २०४, म्हणजे एकरीं सुमारें ८२ झाडें बसतात, व प्रत्येक झाडाच्या वांट्यास ४९ चौरस मीटर जमीन येते. झाडें भिडलीं म्हणजे बाजूचीं अंगें काळोखांत जातात, तेथील काड्या वाळतात, आणि बागेवर पानांचें एक सपाट छतच तयार होतें. ऊन फक्त त्या छतावर पडतें. म्हणजे फळ धरणारा पृष्ठभाग प्रत्येक झाडामागें साधारणतः ४९ चौरस मीटर राहिला, आणि तोहि आठ-दहा मीटर उंचीवर.

याच झाडाचा घेर सहा मीटर व्यासाचा, अर्ध्या नारळाच्या कवडासारखा गोल राखला, तर काय होईल ? तीन मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचा पृष्ठभाग सुमारें ५६ चौरस मीटर भरतो. झाड लहान झालें, दोन झाडांमध्यें एक मीटर उजेडाची वाट राहिली, आणि फळ धरणारी जागा मात्र कमी न होतां थोडी वाढलीच. एक मीटरचें मोकळें खोड धरून झाडाची उंची चार मीटर होते. तेवढ्या उंचीवर औषधाचा फवारा सहज पोंचतो. प्रत्यक्ष झाड गणितांतील गोलाइतकें रेखीव नसतें, व उत्तरेकडील अंगास हिंवाळ्यांत ऊन कमीच मिळतें; तथापि छाटणीनें झाड लहान केलें म्हणजे उत्पन्न घटलेंच पाहिजे ही भीति किती निराधार आहे, हें या हिशेबावरून कळून येईल.

तसेंच, जेथें ऊन सर्व बाजूंस पोंचतें तेथें अधिक काटछाट करण्याचें कारण नाहीं. एकाकी, मोकळ्या जागेंतील, जमिनीपर्यंत पालवी असलेलें झाड हें आपलें काम चोख करीत असतें. त्याचें वाळलेलें लांकूड काढावें, खोड दिसेल इतक्याच खालच्या फांद्या कमी कराव्या, आणि बाकी त्यास हात लावूं नये.

कोवळ्या कलमांस वळण

मोठ्या झाडावर करवत चालवावी लागते ती बहुधा लहानपणीं कात्री न चालविल्यामुळें. कलम लावल्यापासून पहिलीं तीन-चार वर्षें ज्यानें लक्ष दिलें, त्यास पुढें फार थोडें काम उरतें.

काजूचीं कलमें मृदुकाष्ठ पद्धतीनें बांधलेलीं असतात. लावल्यानंतर पहिल्या वर्षीं कलमाच्या जोडाखालून जी फूट येते ती खुंटाची, म्हणजे रायवळ बियांची असते. ती जोमदार असल्यामुळें नवशिक्यास आवडते. पण ती राखली तर वरचें चांगल्या जातीचें कलम मरून खालचें रानटी झाड शिल्लक राहतें. म्हणून जोडाखालील प्रत्येक फूट दिसतांच नखानें खुडावी. वाऱ्यानें कलम लवूं नये म्हणून बांबूचा आधार द्यावा.

जमिनीपासून पाऊण ते एक मीटरपर्यंत एकच सरळ खोड ठेवून त्यावरील बाजूच्या फांद्या हळूहळू कमी कराव्या. एकाच वर्षीं सर्व काढूं नयेत. पानें कमी झालीं म्हणजे खोड पोसत नाहीं. त्यावर चहूं दिशांस पसरणाऱ्या चार-पांच फांद्या वेगवेगळ्या उंचीवर राखाव्या. एकाच ठिकाणाहून दोन फांद्या अरुंद कोनानें निघाल्या असतील तर एक काढावी. असा सांधा पुढें भाराखालीं चिरतो. पहिल्या दोन वर्षांत आलेला मोहोर खुडून टाकावा व तिसऱ्या वर्षापासून फळ घ्यावें. मधला शेंडा चार-पांच मीटरवर गेला कीं तो खालच्या आडव्या फांदीपाशीं कापावा, म्हणजे झाड उंच न जातां पसरतें.

वाढलेल्या झाडाची छाटणी

वेळ. घेर आटोक्यांत ठेवण्याची छाटणी शेवटची बी वेंचून झाली कीं लगेच, पावसाळा जोरानें लागण्यापूर्वीं करावी. मग नवी फूट येऊन तिला पक्व होण्यास मोहोरापूर्वीं चार-पांच महिने मिळतात. जितका उशीर होईल तितकी फूट कोवळी राहील व मोहोर मागें पडेल. वाळलेल्या व रोगट फांद्या ऑगस्ट-सप्टेंबरांत पावसाची उघडीप पाहूनहि काढितां येतात. पालवी फुटूं लागल्यावर मात्र कात्री खुंटीस टांगावी.

क्रम. झाडाखालीं उभें राहून प्रथम वर पाहावें. कात्री मागाहून हातीं घ्यावी. पहिल्यानें वाळलेलें लांकूड काढावें. दुसऱ्यानें एकमेकींवर घांसणाऱ्या व आडव्यातिडव्या फांद्यांपैकीं दुबळी काढावी. तिसऱ्यानें जमिनीस टेंकलेल्या फांद्या काढाव्या. त्यांच्यामुळें गवत निघत नाहीं, पडलेल्या बिया सांपडत नाहींत व खोड तपासतां येत नाहीं. चौथ्यानें झाडाच्या मध्यांतून सरळ वर धांवणारे सोट काढावे. एवढें झाल्यावर पुन्हां वर पाहावें. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडूं लागले असतील तर तेथेंच थांबावें. नसतील, तर शेजारच्या झाडांत घुसलेल्या फांद्या एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागें घ्याव्या.

प्रमाण. एका वर्षांत झाडाच्या पाल्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक काढूं नये. दाट झालेली बाग दोन-तीन वर्षांत हळूहळू मोकळी करावी. एकदम उघडी पडलेली आंतील साल उन्हानें भाजते व चिरते. शिवाय फार छाटलेलें झाड घाबरल्यासारखें चहूंकडून सोट फेंकतें, आणि त्या सोटांवर मोहोर न येतां नुसती पानेंच वाढतात. ज्यांनीं पांच मीटर अंतरानें घन लागवड केली आहे, त्यांस मात्र दरवर्षीं थोडी छाटणी चुकत नाहीं, हें लागवडीपूर्वींच समजून असावें.

रीत. बारीक काडीस धारदार कात्री, जाड फांदीस करवत. कोयता वापरूं नये. कोयत्याचा घाव साल फाडतो व लांकूड पिंजतो. जड फांदी तीन कापांनीं उतरवावी : खोडापासून हातभर अंतरावर पहिला काप खालून अर्धवट, त्याच्या थोडा पुढें दुसरा वरून पूर्ण, आणि भार गेल्यावर राहिलेला खुंट तिसऱ्या कापानें काढावा. फांदी जेथून निघते तेथें सालीचा फुगीर वेढा असतो. तिसरा काप त्या वेढ्याबाहेर, पण त्यास लागून द्यावा. वेढा कापला तर जखम भरत नाहीं, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून रोग आंत नेतो. काजूचा चीक कपड्यास डाग पाडतो व कित्येकांच्या त्वचेस बाधतो, म्हणून कामगारांस हातमोजे द्यावे.

जखम व कीड

छाटणी म्हणजे जखम, आणि कोंकणचा पाऊस म्हणजे जखमेचा शत्रु. म्हणून प्रत्येक मोठ्या कापास त्याच दिवशीं बोर्डो मलम लावावें. एक किलो मोरचूद पांच लिटर पाण्यांत व एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पांच लिटर पाण्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र ढवळावे. भांडें मातीचें, लांकडी अगर प्लास्टिकचें असावें; लोखंडाचें नसावें. तयार मलमांत चकचकीत विळ्याचें पातें क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. हें औषध १८८५ सालच्या सुमारास फ्रान्सांतील बोर्डो प्रांतीं द्राक्षांसाठीं निघालें. आमच्या द्राक्षवाल्यांस तें शिकविण्याची गरज नाहीं.

काजूचे दोन शत्रु छाटणीशीं विशेष संबंध ठेवितात. पहिला खोडकिडा, ज्यास कोंकणांत रोठा म्हणतात. त्याचा भुंगेरा बुंध्याच्या सालीच्या फटींत अंडीं घालतो व अळी साल पोखरते. बुंध्याशीं भुसा व डिंक दिसला कीं तेथील साल हलकेंच सोलून तारेनें अळी काढावी व जागेस औषध लावावें. खालच्या फांद्या काढण्याचा मोठा लाभ हाच कीं बुंधा नजरेखालीं राहतो. म्हणूनच खोडावर विनाकारण घाव घालूं नयेत, आणि किडीनें मेलेलें झाड मुळांसकट उपटून बागेबाहेर काढावें.

दुसरा ढेकण्या. हा कोवळी पालवी व मोहोर यांतील रस शोषितो. शेंडे काळे पडून करपतात. अवेळीं केलेल्या छाटणीनें बागेंत जेव्हां तेव्हां कोवळी फूट येत राहिली, तर या किडीस बारमाही जेवण मिळतें. वेळेवर छाटलेल्या बागेंत पालवी एकदम येते, एकदम पक्व होते, व पालवी, मोहोर आणि फळ धरतांना अशा ठराविक वेळीं फवारणी करून भागतें.

जुनीं, न फळणारीं झाडें

कांहीं बागा छाटणीनें सुधारण्यापलीकडच्या वाटतात. तेथें प्रथम एक प्रश्न विचारावा : झाड गर्दीमुळें फळत नाहीं, कीं जातच हलकी आहे ? जात चांगली असेल तर वर सांगितल्याप्रमाणें दोन-तीन वर्षांत ऊन आंत आणलें म्हणजे झाड सुधारतें. पण झाड बियांपासून केलेलें, बारीक बी देणारें असेल, तर कितीहि छाटलें तरी त्याची बी मोठी होणार नाहीं.

अशा झाडाचें शीर कापून त्यावर चांगलें कलम करण्याची रीत आहे. पंधरा-वीस वर्षांचें निरोगी झाड नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या काळांत जमिनीपासून अर्धा ते पाऊण मीटरवर करवतीनें कापितात व बुंध्यास बुरशीचें व किडीचें औषध फांसतात. बुंध्यावर पुष्कळ फुटवे येतात. त्यांतील सात-आठ सशक्त राखून ते दीड-दोन महिन्यांचे झाले कीं त्यांवर चांगल्या जातीच्या काड्या बांधितात. मूळ जुनें व खोल असल्यामुळें हीं कलमें झपाट्यानें वाढतात व नव्या रोपाच्या आधीं फळावर येतात. परंतु खोडकिडा अशा कापलेल्या बुंध्यांवर हमखास येतो, आणि कांहीं बुंधे मरतातच. म्हणून सबंध बाग एका वर्षीं कापूं नये. चौथा हिस्सा कापावा, परिणाम पाहावा, मग पुढें जावें. ज्याचा संसार त्या बागेवर चालतो त्यानें सर्व उत्पन्न एका करवतीवर लावणें शहाणपणाचें नाहीं.

काड्या कोणत्या जातीच्या घ्याव्या, या बाबतींत कोंकण भाग्यवान आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें वेंगुर्ला-१ पासून वेंगुर्ला नांवाच्या जातींची मालिकाच दिली आहे. हें केंद्र १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या छत्राखालीं आहे. त्यांतील वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जाती विशेष पसरल्या. वेंगुर्ला-७ ची एक बी सुमारें दहा ग्रॅम भरते, म्हणजे शंभर बियांचा एक किलो. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ब्राझिलहून आणलेलें हें झाड आपल्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या कोणीं न निगा केलेलें, कड्याकपारींत वाढलें. त्याच झाडापासून निगेनें काय होतें तें या जातींनीं दाखविलें.

आमच्या आंब्यास यांतून काय घ्यावें ?

आंब्याचा मोहोरहि पक्व फांदीच्या टोंकावर येतो. म्हणून काजूस सांगितलेला मुख्य नियम बांधावरील व बागेंतील आंब्यास जसाच्या तसा लागू आहे : आंबे उतरले कीं लगेच, पावसाच्या तोंडीं, घेर मोकळा करावा, दिवाळीच्या आसपास आंब्यावर कात्री नेऊं नये. आमच्याकडे मजूर द्राक्षाच्या छाटणीस ऑक्टोबरांत येतात, आणि आले आहेत तर जातां जातां आंबाहि छाटून घ्यावा असा मोह होतो. एका दिवसाच्या मजुरीच्या सोयीसाठीं वर्षाचा मोहोर देण्याचा हा व्यवहार आहे. तो करूं नये.

ज्यास हें सर्व पटत नसेल त्यानें आपल्याच बागेंत पाहावें. एका ओळींतील सारख्या वयाचीं दहा झाडें घ्यावीं. पांच येथें सांगितल्याप्रमाणें छाटावीं, पांच तशींच ठेवावीं. दोहोंचें फळ वेगळें मोजून तीन वर्षें वहींत लिहावें. पहिल्या वर्षीं छाटलेलीं झाडें कदाचित् मागें पडतील. त्यावरून निकाल देऊं नये. तिसऱ्या वर्षाअखेर वही जें सांगेल तें आमच्या लेखाहून अधिक खरें मानावें, आणि शेजाऱ्यासहि दाखवावें.